व्यक्ती ख

नीलांबरी गोगटे यांना वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, की बोलताना दर सातव्या-आठव्या वाक्याला त्या 'मुळात' म्हणतात. नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. वर्गातली पोरं पाठीमागे नक्कल करत असणार, पण ते त्यांच्या कानावर आलं नव्हतं. सांगितलं ते एका यंत्राने, आणि तेही तीन विद्यार्थ्यांना आलेल्या नकाराच्या पत्रांतून.

गोगटे मॅडम शिरोलीजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात मार्गदर्शन कक्ष चालवत आणि त्यालाच जोडलेल्या शाळेत आठवीपासून मराठी शिकवत. बारावीनंतर कुठे जायचं, कोणता अर्ज कधी भरायचा, शिष्यवृत्तीच्या निबंधात काय लिहायचं, मुलाखतीत हातांचं काय करायचं, हे सगळं खातं त्यांच्याकडे. मूळच्या पुण्याच्या. लग्न होऊन कोल्हापूरला आल्या त्याला चौदा वर्षं होत आली होती, आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं खरगपूरपासून तेजपूरपर्यंत पोचली होती. बाईंचा हात लागला की निबंध चमकतो अशी पंचक्रोशीत ख्याती होती. नेमका तो हातच नडला.

झालं होतं असं. निबंध यंत्राकडून लिहून घ्यायची सवय देशाला लागून दहाएक वर्षं झाली होती. 'अन्वेष' नावाची एक मोठी शिष्यवृत्ती होती, विज्ञानाच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा सगळा भार उचलणारी. तिच्या विश्वस्तांकडे दरवर्षी दोन हजार निबंध यायचे आणि त्यातल्या प्रत्येकात एक पूर, एक आजारी आजोबा आणि स्वतःविषयीची एक शंका, यांवर तीन परिच्छेदांत मात केलेली असायची. वाचून वाचून विश्वस्त कंटाळले आणि त्यांनी 'उगम' आणलं.

उगमची कल्पना तशी साधी होती. प्रत्येक माणूस भाषा वापरताना काही बारीक खुणा सोडतो. मोठ्या शब्दांत त्या नसतात, मोठे शब्द कुणीही उसने आणतं. 'पण', 'तर', 'की', 'म्हणजे' असले फुटकळ शब्द किती अंतराने येतात, वाक्य कुठे मोडतं, क्रियापदाचा शेवट कसा होतो, यात त्या असतात. जिन्यावर पावलं वाजली की आतल्या खोलीतली आई न बघता सांगते कुठलं पोर आलं, तसंच हे. उगम आधी एक पायारेषा धरायचं. अमुक जिल्ह्यातली, अमुक वयाची मुलगी किंवा मुलगा साधारण कसा बोलतो, याची साठवलेल्या नमुन्यांवरून काढलेली सरासरी म्हणजे ही पायारेषा. मग मजकूर त्या रेषेपासून कुठे कुठे सरकतो ते बघायचं आणि एकाच बाजूला सरकणारे तुकडे एकत्र बांधायचं. जितके गठ्ठे तितकी माणसं. अर्जदार ती व्यक्ती क. बाकीचे ख, ग, घ. शेवटी एक आकडा यायचा, त्याला स्वत्वांक म्हणत. शंभरात तुमचं स्वतःचं किती, हे तो सांगायचा. साठाच्या खाली गेलात की शिष्यवृत्ती गेली.

पहिल्याच वर्षी गोगटे मॅडमची तीन मुलं साठाच्या खाली गेली. तिन्ही पत्रांत व्यक्ती ख एकच होती: स्त्री, चाळिशीच्या आसपास, पुणे शहर, व्यवसाय अध्यापन. सोबत तिच्या खुणांची यादी होती, आणि यादीत पहिला शब्द 'मुळात'. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण मदत केली म्हणून पोरं बुडाली, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पण ती यादी मात्र त्यांनी तीनदा वाचली. एवढी शरम वाटत असताना एवढं कुतूहलही वाटावं, याची त्यांना आणखी शरम वाटली.

तेव्हापासून त्यांनी कामाची रीतच बदलली. मुलांच्या निबंधाला पेन लावायचं बंद केलं. बोलणंही कमी केलं. मूल समोर बसलं की त्या तीनच प्रश्न विचारत: 'मग?', 'कसं कळलं?' आणि 'तेव्हा तू काय करत होतास?' बाकी वेळ गप्प. स्टाफरूममध्ये याला गोगट्यांचं मौनव्रत म्हणत. पण व्रत फळलं. पुढच्या वर्षी दोघं अन्वेषला लागली, आणि त्यांच्या पत्रांत व्यक्ती ख नव्हती.

तिसऱ्या वर्षी कक्षात संयोगिता मगदूम आली.

संयोगिताची आई सुवर्णा एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणीच्या टेबलावर होती. ओतून गार झालेलं प्रत्येक कास्टिंग छोट्या हातोडीने ठोकायचं आणि ऐकायचं, हे तिचं काम. आवाज खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत कुठेतरी तडा. संयोगिता अकरावीत असताना सुट्टीत आईचा डबा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. तिने फोनवर सहाशे कास्टिंगचे आवाज घेतले, त्यांचे आलेख काढले आणि शोधून काढलं की तडा असला की आवाजाची शेपटी लवकर विझते. इथवर पुस्तकातलंच. पण त्यातली अकरा कास्टिंग अशी होती की आलेख म्हणे चांगलं आणि आई म्हणे वाईट. ती कापून बघितली तेव्हा नऊंमध्ये तडा निघाला. म्हणजे आईच्या कानाला जे कळतं ते आलेखात कुठेच उतरत नव्हतं. ते काय आहे, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ध्वनिशास्त्र शिकायचं होतं, आणि ते शिकवणाऱ्या संस्थेत चार वर्षं राहायची ऐपत मगदुमांच्या घरात नव्हती. अन्वेष मिळाली तर जायचं, नाहीतर इथेच बी.एस्सी. करून फौंड्रीच्या ऑफिसात लागायचं, असा साधा हिशेब होता.

मॅडमनी आपले तीन प्रश्न विचारले आणि गप्प बसल्या. संयोगिताने निबंध लिहून आणला. तो वाचताना मॅडमचा चहा गार झाला. इतकं जिवंत काही त्यांनी कितीतरी दिवसांत वाचलं नव्हतं. त्यांनी तो कक्षातल्या सराव-उगमला दिला आणि आकडा आला चौपन्न.

खाली लिहिलं होतं: 'व्यक्ती ख: पुरुष. वय अठरा ते पंचवीस. कोल्हापूर जिल्हा. निबंधातील सर्वाधिक भावपूर्ण भाग या व्यक्तीचे.'

संयोगिताला एक मोठा भाऊ होता, सूरज, डिप्लोमा झालेला. मॅडमनी तिला बोलावलं आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं, की सूरजने थोडंफार सांगितलं का, एखादा परिच्छेद वगैरे. संयोगिता आधी हसली. मग मॅडम खरंच विचारताहेत हे तिच्या लक्षात आलं.

"दादाला कास्टिंगची पाच वाक्यं लिवता येत न्हाईत, मॅडम," ती म्हणाली. "आणि तुम्ही मशीनचं ऐकून मला विचारायलाय."

ती निबंध उचलून निघून गेली आणि पुढे चार दिवस कक्षाकडे फिरकली नाही. मॅडमना वाईट वाटलं, पण संशय गेला नाही. यंत्र त्यांच्या बाबतीत 'मुळात'पर्यंत बरोबर निघालं होतं. ते आताच का चुकेल?

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या जिन्याजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. पलीकडे खांबाआड बारावीच्या मुलींचा डबा चालला होता. एक म्हणत होती, मी काल झोपलोच न्हाई. दुसरी म्हणाली, मी तर आल्या आल्या आईला सांगून टाकलो, आणि मग रडत बसलो. तिसरी म्हणाली, मी येतो तुझ्यासंगं, थांब, हात धुतो.

चौदा वर्षं मॅडम हे ऐकत होत्या. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी जातो' म्हणतात, हे पुण्यातल्या त्यांच्या बहिणीलाही ठाऊक होतं. त्यावर दिवाळीत हशा व्हायचा. वर्गात कुणी 'मी गेलो मॅडम' म्हटलं की 'गेले' असं त्यांच्या तोंडून आपसूक निघायचं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दुरुस्त केलं ते त्यांना ऐकू येत होतं आणि मुळातलं येत नव्हतं. त्या उठल्या आणि जवळजवळ धावत कक्षात गेल्या.

निबंधाची प्रत सराव-उगममध्ये होती. त्यांनी क्रियापदं खुणा करत तपासली. सुरुवातीला, जिथे संयोगिता शाळा, विषय, आवड वगैरे सांगत होती, तिथे 'मी शिकले', 'मी सहभागी झाले'. आणि जिथे फौंड्री सुरू झाली, तिथे 'मी आईच्या मागं उभा राहिलो', 'मी ऐकत बसलो', 'त्या दिवशी मी घाबरलो'. अशी एकूण चौदा ठिकाणं. लिहिण्याच्या भरात तिला भान राहिलं नव्हतं. यंत्राने मुलीच्या निबंधात पुरुषी क्रियापदं बघितली आणि एक पुरुष उभा केला.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना हसू आलं. निबंधात दोन व्यक्ती होत्या हे यंत्राने बरोबर ओळखलं होतं. फक्त कोण कुठली हे उलटं लावलं होतं. ज्याला ते परका म्हणत होतं तीच संयोगिता होती. ज्याला ते संयोगिता म्हणत होतं, त्या 'शिकले' आणि 'झाले'मध्ये गोगटे मॅडम होत्या.

त्यांनी संयोगिताला घरून बोलावून घेतलं, आधी माफी मागितली आणि मग सगळं समोर ठेवलं. त्यांना वाटलं होतं पोरगी चिडेल. संयोगिताने शांतपणे पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, एवढंच ना? चौदा तर शब्द आहेत. तिने तिथल्या तिथे 'बसलो'चं 'बसले' केलं, 'घाबरलो'चं 'घाबरले' केलं. यंत्राने नवा आकडा दिला: एक्क्याऐंशी.

"झालं की," ती म्हणाली. "तुम्ही आठवीपासनं हेच तर सांगत आलाय."

मॅडमनी आयुष्यभर ज्या चुका सुधारल्या त्याच आज सुधारलेल्या त्यांना बघवत नव्हत्या, आणि हे कुणाला सांगायचं तर सांगणार कोणत्या तोंडाने?

पण नुसत्या निबंधावर भागणार नव्हतं. अन्वेषचा दुसरा टप्पा उगमशी चाळीस मिनिटांच्या गप्पांचा असायचा. निबंधात पन्नासच्या वर असलेल्या सगळ्यांना बोलावणं यायचं, आणि निबंध व बोलणं ताडून शेवटचा आकडा ठरायचा. संयोगिता बोलताना एकदा जरी 'बसलो' म्हणाली असती, तर तो 'बसले'वाला निबंध दुसऱ्याच कुणाचा ठरला असता. पुण्याच्या एका चाळिशीतल्या बाईचा, हे उघड होतं. म्हणून दोघींनी सराव सुरू केला. चाळीस मिनिटं 'गेले, आले, बसले' करत बोलायचं. संयोगिता हुशार होती, तीन दिवसांत तिला ते जमलं. फक्त ती बोलेना. म्हणजे शब्द यायचे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटाकडे आधी लक्ष ठेवल्यामुळे मधलं सगळं हरवायचं. आईला ऐकू येतं आणि आलेखाला नाही ते काय असेल, असं विचारलं की डोळे चमकायचे ते चमकेनात. पाठ केलेलं उत्तर यायचं.

चौथ्या दिवशी ती मध्येच थांबली. "असं बोललं की मला माझंच ऐकू येत न्हाई, मॅडम," ती म्हणाली, आणि चौदाच्या चौदा शब्द परत पहिल्यासारखे करून तिने निबंध पाठवून दिला. चौपन्नवर.

आता आशा पुराव्यावरच होती. कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात हे ऐकवलं तर यंत्राला पटेल, असं मॅडमना वाटलं. न सांगता घेतलेला आवाज पुरावा म्हणून चालत नव्हता, म्हणून दोघी रीतसर परवानगी काढून फौंड्रीत गेल्या. डब्याची वेळ होती. तपासणीच्या टेबलाभोवती आठ-दहा बायका बसल्या होत्या आणि हसणं-खिदळणं चालू होतं. संयोगिताने आईसमोर फोन धरला आणि आज सकाळपासून काय काय केलं ते सांग म्हणाली. सुवर्णाने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि बोलायला लागली, "नमस्कार. मी सुवर्णा मगदूम. मी आज सकाळी पाच वाजता उठले. त्यानंतर मी देवाला नमस्कार केला व कामाला निघाले."

देवाचं तर तिने साफ खोटं घुसवलं होतं. पण पुढची बाईही तसंच बोलली, तिच्या पुढचीही. फोन समोर आला की प्रत्येकीला शाळा आठवत होती. फोन पिशवीत गेला तशी सुवर्णा म्हणाली, "आई गं, मी किती घाबरलो," आणि सगळ्या हसत सुटल्या. मॅडमही हसल्या, पण बाहेर आल्यावर त्यांच्या हातात सुबक, शुद्ध आणि बिनकामाची नऊ ध्वनिमुद्रणं होती.

मुलाखत कोल्हापुरात एका भाड्याच्या सभागृहात होती. काचेच्या खोलीत उमेदवार आणि उगम, बाहेर बाकावर मार्गदर्शक. आवाज बाहेर येत नसे, पण बोललेलं सगळं एका पडद्यावर उमटत जायचं. मार्गदर्शकाने ते वाचावं, खुणा करू नयेत, असा नियम होता. मॅडम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

पहिला अर्धा तास कास्टिंगचा गेला. संयोगिता सुटली होती. तिने कोऱ्या कागदावर हातोडीचा कोन काढून दाखवला, आई कास्टिंग कुठल्या बोटांनी धरते ते सांगितलं. तिला वाटत होतं की आई नुसतं ऐकत नसावी, धरलेल्या हातातूनही तिला काहीतरी कळत असावं. हे तिला त्या क्षणीच सुचलं असावं, कारण मॅडमनी ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. मग पडद्यावर उगमचा प्रश्न उमटला.

"आपल्या निबंधात 'मी' दोन आहेत. एक 'शिकले' लिहिणारी, एक 'बसलो' लिहिणारा. यांपैकी आपण कोण?"

"दोन्ही मीच की. बसलो ते घरचं. शिकले ते मॅडमचं."

"म्हणजे निबंधात दुसऱ्या व्यक्तीचा भाग आहे, हे आपण मान्य करता?"

बाहेर मॅडमनी डोळे मिटले. उघडले तेव्हा उत्तर आलेलं होतं.

"हाय की. आईकडनं बोलायला शिकलो, मॅडमकडनं लिवायला शिकलो. शिकल्यावर ते माझं न्हाई का झालं?"

"हा प्रश्न माझ्या मोजणीच्या कक्षेत येत नाही."

"बरं. मग तुम्ही कुणाकडनं शिकलाय? आमच्याकडच्या पोरी कशा बोलतात ते?"

उगमला विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं बंधनकारक होतं. पडद्यावर एक यादी आली. कोल्हापूर जिल्हा, मुली, सोळा ते वीस वर्षं: एकूण नमुने सतरा. पुढे प्रत्येक नमुना कुणाचा आणि कुठून मिळाला ते होतं. वक्तृत्व स्पर्धा. वक्तृत्व स्पर्धा. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा. सतराच्या सतरा.

मॅडम बाकावरच पुढे झुकल्या. त्यातली पाच नावं त्यांना पाठ होती. त्या पाचही मुलींना त्यांनीच तयार केलं होतं, विंगेत उभं राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवले होते, प्रत्येक 'गेलो'चं 'गेले' करवून घेतलं होतं. त्या चषकांनी त्यांच्या कक्षातलं कपाट भरलं होतं. कोल्हापूरची मुलगी कशी बोलते हे त्या यंत्राला कुणी शिकवलं, याचं उत्तर बाकावर हात दाबून बसलं होतं.

"सतराच?" संयोगिताने विचारलं.

"सतरा."

"मग अठरावी मला धरा."

"एका नमुन्याने पायारेषा बदलत नाही," असं उत्तर आलं, आणि त्याखाली आकडा: सत्तावन्न. अंतिम निकाल उद्या संध्याकाळी पाच वाजता.

संयोगिता बाहेर आली ती घामाघूम, पण हसत. बरं बोललो का, म्हणून तिने विचारलं. मॅडमनी तिला जवळ घेतलं, सूरजच्या गाडीवर बसवून घरी पाठवलं आणि स्वतः तिथेच बाकावर बसून राहिल्या. फोनवर त्यांनी अन्वेषची नियमावली उघडली. आजवर त्यांनी ती मुलांना काय करू नये हे सांगण्यासाठीच वाचली होती. सत्ताविसाव्या कलमात एक ओळ होती: एखाद्या गटाचे पंधरापेक्षा कमी नमुने असतील, तर त्या गटासाठी उगमचा आकडा ग्राह्य धरू नये, निबंध समितीने वाचावा.

सतरातून पाच गेले की बारा.

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. त्या पाच मुलींच्या ध्वनिमुद्रणांत भाषा त्या मुलींची नाही, माझी आहे, असं लिहिलं. कुठल्या भाषणात कुठलं वाक्य आपण बदललं ते आठवून आठवून लिहिलं, आणि घरून जुन्या वह्यांची पानं मागवून जोडली. दुसऱ्याच्या बोलण्यात आपली भर घातल्याची कबुली देणाऱ्या मार्गदर्शकाचं नाव दोन वर्षं अन्वेषच्या यादीतून काढलं जातं आणि तेवढा काळ त्याला कक्ष चालवता येत नाही, हे त्याच नियमावलीत होतं. तेही त्यांनी वाचलं. कक्ष म्हणजे त्यांचा जीव होता. तरी त्या लिहीत राहिल्या. पत्र पुरं झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा त्यात 'मुळात' तीनदा आलेलं दिसलं. एक खोडायला गेल्या, मग राहू दिलं. ओळख पटवायला तेवढं बरं, असा त्यांनी विचार केला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता निकाल आला नाही. सहाला एक ओळ आली: 'या उमेदवाराचा स्वत्वांक काढता येत नाही. निबंध समितीकडे.' अन्वेषच्या समितीने निबंध स्वतः वाचायची ही तीन वर्षांतली पहिलीच वेळ होती. समितीत तिघं होते आणि त्यातल्या एक धातुशास्त्रातल्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. पुढच्या आठवड्यात त्या संयोगिताशी पडद्यावरून दोन तास बोलल्या. निबंध कुणी लिहिला हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सुवर्णाताई कास्टिंग उघड्या हाताने धरतात की हातमोजे घालून, हे मात्र त्यांना आधी हवं होतं, आणि ते पक्कं माहीत नव्हतं म्हणून संयोगिताला बोलणं थांबवून आईला फोन करावा लागला. उघड्या हाताने, असं उत्तर आलं. मोजे घातले की चुका होतात, हे सुवर्णाने न विचारता सांगितलं.

शिष्यवृत्तीचं पत्र त्यानंतर दहा दिवसांनी आलं. यादीतून नाव काढल्याचं गोगटे मॅडमना आलेलं पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशी. मार्गदर्शन कक्ष दोन वर्षांसाठी कॉलेजातल्याच खोत सरांकडे गेला. सर भला माणूस, पण मुलांना बोलूच देत नसे. किल्ली देताना मॅडमना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. खोत सरांना त्यांनी तेवढे तीन प्रश्न कागदावर लिहून दिले.

निघायच्या आदल्या दिवशी संयोगिता भेटायला आली. मॅडम वरच्या मजल्यावर वर्गात पेपर तपासत होत्या. खाली फाटकाशी सुवर्णा गाडी चालू ठेवूनच थांबली होती. संयोगिताने वाकून नमस्कार केला, तिकडचं सगळं कळवेन म्हणाली, हाताच्या संवेदनेवर तिने आत्ताच काय काय वाचायला काढलंय ते एका दमात सांगितलं. मॅडमना आशा होती की आज तरी ती घरच्यासारखं बोलेल. पण निघताना ती दारात वळली आणि अगदी स्वच्छ, आठवीत शिकवलं होतं तसं म्हणाली, "येते मी, मॅडम."

"ये," मॅडम म्हणाल्या.

जिन्यावर तिची पावलं वाजत गेली. खालून सुवर्णाने हॉर्न दिला आणि किती वेळ गं म्हणून हाक मारली.

"आलो, आई, आलो!"

मॅडम पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या. आत्ता ऐकलेल्या दोन आवाजांतला एक त्यांनी दिलेला होता आणि एक त्यांनी दिलेला नव्हता. पोरगी दोन्ही घेऊन निघाली होती. त्यांना फार बरं वाटलं, आणि त्यांनी पुढचा पेपर ओढला.